लाडूचं घोरणं आणि भाच्याचा फ्रेंच बुलडॉग

खिडकीतली | रविवार, रात्री ९.४०

आमच्या पगचं नाव लाडू. वय साडेचार. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्याबरोबर राहतो, खातो आणि घोरतो. घोरतो म्हणजे किती, तर समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्यांना दाखवलंत का कुठे?" त्यांना वाटलं, नवरा.

त्या घोरण्याचे व्हिडिओ चार वर्षं फॅमिली ग्रुपवर फिरतायत. एकाला तर मी मागे तंबोरा जोडला होता.

गेल्या महिन्यात, ऐन मेमध्ये, लिफ्ट बंद पडली. संध्याकाळी साडेपाचला त्याला खाली नेलं, पंधरा मिनिटं फिरवलं आणि जिन्याने वर निघालो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो बसला. मला वाटलं नाटक करतोय, कारण नाटकं करतोच तो. मग जीभ दिसली. जांभळं खाल्ल्यावर आपली होते तशी. घशातून करवत चालवल्यासारखा आवाज. खाली रिक्षा मिळाली, रिक्षावाल्याने विचारलंसुद्धा नाही, सीटखालची पाण्याची बाटली काढून सरळ त्याच्या पोटावर ओतली आणि रिक्षा पळवली.

दवाखान्यात ताप भरला १०६. ऑक्सिजन, ओले टॉवेल, पंखा. दोन तासांनी लाडूने डोकं उचललं तेव्हा डॉक्टरबाईंनी मला टॉर्च धरायला लावला. "नाकपुड्या बघा." बघितल्या. दोन स्वल्पविराम. त्यातून हा प्राणी साडेचार वर्षं श्वास घेतोय. "झोपेत घोरतो का?" मी म्हटलं, हो, खूप गोड घोरतो. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं.

धाग्याचं कारण पुढे आहे. ठाण्याला माझा भाचा, नवी नोकरी, पहिला बोनस. त्याने फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू बुक केलंय, टोकनही दिलंय. लाडूचं ऐकून म्हणतो, "मावशी, तुझा लोकल माल असेल. माझा इम्पोर्ट लाइनचा आहे, पेपर आहेत." पेपर असले की नाकपुड्या मोठ्या होतात का? आणि हे नाक आलं कुठून? देवाने तर दिलं नसणार.


बंड्या_कॉटनग्रीन | रात्री १०.०२

देवाने नाही, मोबाइल कंपनीने. २००३ साली हचच्या जाहिरातीत तो पग त्या पोरामागे पळाला आणि वर्षभरात आमच्या सोसायटीत तीन पग आले. जाहिरातीतला पळताना दिसायचा. आमचे तिघे गेटपर्यंत जाऊन वॉचमनच्या खुर्चीखाली झोपायचे.

लाडूला लवकर बरं वाटो. तंबोऱ्यावर मात्र हसलो, माफ करा.


डॉ. शेपटी | रात्री ११.१५

मी गुरांढोरांचा नाही, कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर. पश्चिम उपनगरात प्रॅक्टिस. मेमध्ये असे लाडू आठवड्याला दोन-तीन येतात, सगळे परत जात नाहीत. पहिल्यांदा सांगतो, त्या रिक्षावाल्याने बरोबर तेच केलं. आधी पाणी ओता, वारा द्या, मग दवाखाना गाठा. लोक उलट करतात, काचा बंद करून धावत आणतात.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. अंग गार करायचं यंत्र म्हणजे नाक आणि तोंड. लांब नाकात आत पापुद्र्यांसारखी गुंडाळलेली हाडं असतात, त्यांच्या ओल्या अस्तरावरून हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि रक्त निवतं. पगच्या चेहऱ्यात त्या पापुद्र्यांना जागाच उरलेली नाही. त्यात मुंबईची हवा. नागपूरला ४४ डिग्री असेल पण हवा कोरडी, वाफ होते. इथे ३४ डिग्रीला हवेतच इतकं पाणी असतं की जिभेवरचं उडून जाणार कुठे?

आता मुख्य गोष्ट. निवड करून करून कवटीचं हाड आखूड झालं, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाला नाही. दोन बेडरूमचं सामान एका खोलीत कोंबल्यासारखं. टाळूचा मागचा मऊ पडदा लांब राहतो आणि श्वासनळीच्या तोंडावर लोंबतो. घोरण्याचा आवाज त्याचा. नाकपुड्या चिंचोळ्या, त्यामुळे प्रत्येक श्वास जोर लावून ओढायचा. वर्षानुवर्षं ओढून स्वरयंत्राचं अस्तरही आत ओढलं जातं. दात मात्र लांडग्याइतकेच ४२, मग ते आडवे-तिडवे उगवतात. डोळ्यांच्या खोबणी उथळ, दुसऱ्या कुत्र्याने जरा मानेला धरलं तरी बुबुळ बाहेर आलेलं मी दोनदा परत बसवलंय. नाकावरच्या वळ्या पावसाळ्यात कुजतात. आणि ती गोड पिळाची शेपूट! फ्रेंच बुलडॉगमध्ये ज्या बदलाने शेपटीचे मणके वाकडे होतात, त्यानेच पाठीचेही होतात. कण्यात अर्धवट मणके असतात.

लाडूच्या डॉक्टर ऑपरेशन सुचवतील. नाकपुड्या रुंद करायच्या, टाळूचा पडदा कापून आखूड करायचा. करा. आणि वजन उतरवा, फोटो न बघता सांगतो की जास्त असणार.


केनेलवाला | सोमवार, सकाळी ७.३०

नेहमीप्रमाणे सगळं खापर ब्रीडरवर. मी वसईला अठरा वर्षं लॅब (म्हणजे लॅब्रॅडॉर) आणि रॉटवायलर करतो. नर-मादी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढल्याशिवाय मेटिंग लावत नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न काय, तर "डोकं मोठं आहे ना?" दुसरा प्रश्न "शेवटची किंमत?" एक्स-रे बघायला अठरा वर्षांत चार जणांनी मागितला असेल. गाड्यांच्या डिकीतून पाच आठवड्यांची पिल्लं विकणाऱ्यांना आणि आम्हाला एका मापात मोजू नका.

आणि डॉक्टर, २०२४ साली ब्रिटनमधल्या पाच लाखांहून जास्त कुत्र्यांच्या आयुर्मानाचा अभ्यास आलाय, तो तुम्ही वाचला असेल. जातिवंत कुत्र्यांचं मध्यम आयुष्य १२.७ वर्षं, संकरित कुत्र्यांचं १२. गावठी म्हणजे अमरपट्टा असं उठसूट सांगितलं जातं, ते बंद करा.


डॉ. शेपटी | सकाळी ८.०५

वाचलाय. त्याच अभ्यासात फ्रेंच बुलडॉगचं मध्यम आयुष्य ९.८ वर्षं आहे, तेही सांगा ना. तुमचा मुद्दा मात्र मान्य. जातिवंत आणि गावठी असा तो सामना नाहीच. एका जातीचं कुत्रं पंधरा वर्षं मजेत जगतं, दुसरीचं नऊ वर्षं धापा टाकतं. जातीत नेमकं काय निवडलंय त्यावर आहे. शिवाय त्यातली 'संकरित' म्हणजे आपल्या नाक्यावरचा मोत्या नव्हे. तिकडे लॅब्रॅडूडल, म्हणजे लॅब्रॅडॉर आणि पूडल ह्यांचा मुद्दाम केलेला संकर, तोसुद्धा त्यातच.


तिसरी_घंटा | सकाळी ११.५०

खिडकीतली ताई, "नाक आलं कुठून" ह्याला तारखेनिशी उत्तर आहे, बरंचसं.

कुत्री हजारो वर्षं निवडूनच पाळली गेली, पण कामावरून. हा मेंढ्या राखतो, हा बिळात शिरतो, हा उडालेला पक्षी शोधतो. दिसण्यावरून नंबर लावायचं खूळ जेमतेम दीडशे वर्षांचं. जून १८५९, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला कुत्र्यांचा शो. पॉइंटर आणि सेटर अशा दोनच शिकारी जाती, बक्षीस म्हणून बंदुका. गंमत ऐका. पॉइंटरच्या परीक्षकाचा सेटर पहिला आला, आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटर. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धा उगाच बदनाम आहेत.

१८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला आणि वंशावळीची वही सुरू झाली. खरी मेख ह्या वहीत आहे. वहीत ज्यांची नावं, त्यांच्याच पोरांची नावं पुढे वहीत. बाहेरचं रक्त बंद. मग शोमध्ये एखादा नर जिंकला की जो तो आपली मादी त्याच्याकडे नेणार, आणि दोन पिढ्यांनी सगळेच एकमेकांचे चुलत-मावस. २००८च्या सुमारास लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी तिथल्या वंशावळी तपासल्या. ब्रिटनमध्ये सुमारे दहा हजार पग, पण त्यांच्यातलं जनुकांचं वैविध्य पन्नासेक कुत्र्यांइतकं. आपल्याकडे सगोत्र विवाहावरून घरात पातेली आपटतात, इथे सख्ख्या भावंडांचं लावलेलंही चालून जायचं.

बुलडॉगचंही तसंच. बैलाला कुत्री चावायला सोडायचा खेळ इंग्लंडने १८३५ साली कायद्याने बंद केला. कुत्र्याचं काम गेलं, उरलं दिसणं. "आखूड नाक, रुंद छाती, मोठं डोकं" असं क्लबने जातीच्या मानकात, म्हणजे ती कशी दिसावी ह्याच्या नियमांत, लिहिलं की परीक्षक जरा जास्त आखूडला नंबर देणार, पुढच्या वर्षी त्याहून आखूड. कोणा एकाने दुष्टपणे ठरवून केलेलं नाही. दरवर्षी एक दोरा.

पगचा पुरावा तर चित्रात आहे. विल्यम होगार्थने १७४५ साली स्वतःबरोबर आपला पग रंगवलाय. त्याला चक्क नाक आहे! पायही लांब. आज तसं पिल्लू कुणी विकायला आणलं तर "मिक्स आहे" म्हणून परत पाठवतील.


गिरगावचा_आजोबा | दुपारी १.१०

आमच्या वाडीत पारशी डॉक्टर होते, त्यांचा अल्सेशियन. पाठ टेबलासारखी सरळ, वर पेपर ठेवून वाचावा. हल्ली शोमधले बघतो तर मागून बसकण मारल्यासारखे चालतात. एका जर्मन घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८९९ साली मेंढ्या राखायला ही जात बांधली म्हणतात. ह्या चालीने मेंढी तरी सापडेल का?

आणि ऐंशीच्या दशकात घरोघरी जे पांढरे 'पॉमेरियन' होते ते पॉमेरेनियन नव्हतेच, इंडियन स्पिट्झ. वरणभात खाऊन चौदा-पंधरा वर्षं जगायचे आणि पोस्टमनला चावायचे.


रायवळ | दुपारी ३.३५

कुत्र्यातलं मला कळत नाही, आमची देवगडला बाग आहे. पण तिसरी घंटा ह्यांचा 'बंद वही'चा मुद्दा वाचला आणि हापूस आठवला.

हापूसचं प्रत्येक झाड कलम. म्हणजे एकाच रक्ताचं. चव, वास, रंग ह्यांवर पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं. आणि त्यातच साका. वरून फळ सोन्यासारखं, कापलं की कोयीजवळ पांढरट, खारकेसारखा भाग. गिऱ्हाईक पेटी परत आणतं, आम्ही मान खाली घालतो. रायवळाला साका नाही, पण रायवळ डझनावर कोण घेतो?

ह्यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काय केलं, तर हापूसचा दक्षिणेतल्या नीलमशी संकर केला. १९८१ साली 'रत्ना' आला. चव हापूसच्या जवळपास, साका नाही. जुने बागायतदार आजही नाक मुरडतात, "तो हापूस नव्हे". बरोबर आहे, नव्हेच. पण कापला की लाज आणत नाही.

कुत्र्यांत असा रत्ना कोणी केला नाही का? (आंब्याला निदान दम लागत नाही, एवढा फरक सोडला तर.)


डॉ. शेपटी | संध्याकाळी ६.२०

रायवळ, तुम्ही माझा सोमवार सार्थकी लावलात. केलाय! डाल्मेशियनमध्ये, आणि गोष्ट अगदी तुमच्या साक्यासारखी आहे.

ठिपके ठसठशीत हवेत, वाटोळे हवेत, असं बघत निवड करता करता त्या सगळ्या जातीत एक बिघडलेला जीन पसरला. जातीत एकही चांगली प्रत उरली नाही. त्यामुळे त्यांच्या लघवीत युरिक ॲसिड भरमसाट जातं आणि खडे होतात. नराची नळी तुंबली की मूत्राशय फुटायची वेळ येते. जातीच्या आत कितीही मेटिंग करा, चांगला जीन येणार कुठून, वहीतल्या कोणाकडेच नाही!

१९७३ साली अमेरिकेतल्या एका जनुकशास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटरशी संकर केला. फक्त एकदा. मग पिल्लांमधलं निरोगी निवडून परत डाल्मेशियनशी, परत डाल्मेशियनशी. काही पिढ्यांत पॉइंटरचा अंश नावाला उरला, दिसायला अस्सल डाल्मेशियन, आणि खडे नाहीत. तरी "शुद्ध नाही" म्हणून भांडणं चालली. अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला दार उघडलं तेव्हा २०११ साल उजाडलं होतं. ३८ वर्षं. तुमचे नाक मुरडणारे बागायतदार काहीच नाहीत.


केनेलवाला | संध्याकाळी ७.४५

हे मान्य. चांगल्या ब्रीडरला बाहेरचं रक्त हवं असतं. पण उद्या मी लॅबमध्ये एकदाही दुसरं काही घातलं तर त्या पिल्लांना सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर गिऱ्हाईक अर्ध्या किमतीला मागतं. करू काय?


बंड्या_कॉटनग्रीन | संध्याकाळी ७.५८

केनेलवाला दादा, लॅबवरून आठवलं. माझ्या बहिणीचा लॅब 'राजा'. जेवण झालं की पाच मिनिटांत असा बघतो की पाहुणे आम्हालाच ओरडतात, "अरे द्या त्याला काहीतरी." गेल्या गणपतीत एकवीस मोदकांचा नैवेद्य. देवासमोर ठेवून आरतीसाठी टाळ आणायला आत गेलो. परत येतो तर ताट चाटून लख्ख. उंदीरमामा मात्र जागेवर. ही पण निवडीची करामत म्हणायची का संस्कारांची?


डॉ. शेपटी | रात्री ८.३०

निम्मी करामत खरंच निवडीची. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरच्या पीओएमसी नावाच्या जीनमधला एक तुकडा गळालेला सापडला. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये. "पोट भरलं" हा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. खाऊच्या लालचीने शिकणारं कुत्रं शिकवायला सोपं, म्हणून ते निवडीत पुढे आलं असावं, असा त्यांचा कयास. राजाचे संस्कार ठीक आहेत. मोदक वरच्या फळीवर ठेवा.


लातूरकर_कांदिवलीत | मंगळवार, रात्री १२.२०

सगळी चर्चा विलायती चालली आहे म्हणून लिहितो. आमच्या लातूरकडे कारवानी कुत्री. लांबट तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, अंगावर चरबी औषधाला नाही. हीसुद्धा निवडूनच झालेली जात. आमचे चुलते सांगायचे, पूर्वी सशामागे जे कुत्रं मागे पडायचं त्याला मादी दाखवत नसत. बस, हीच वही. (शिकार आता कायद्याने बंद आहे, आणि बंदच बरी.) खालच्या अंगाला कर्नाटकात मुधोळ, तिथल्या संस्थानचे राजे घोरपडे ह्यांनी मुधोळ कुत्र्यांची जात नावारूपाला आणली, इंग्लंडच्या राजालाही भेट दिली.

म्हणजे निवड वाईट असं नाही. आमच्याकडे परीक्षक ससा होता, तिकडे कोट घातलेला माणूस. सशाला आखूड नाक आवडतं का लांब, ह्याच्याशी देणंघेणं नसतं.

पण हात जोडून सांगतो, हे वाचून कोणी वन-बीएचकेत कारवानी आणू नका. देशी जातींचं २०२०मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतल्यापासून मला मुंबईतून फोन येतात. त्याला पळायला रान लागतं. पार्किंगमध्ये बांधलेला कारवानी मी कांदिवलीतच पाहिलाय. सकाळी कामाला जाताना तोंड फिरवून जातो.


खिडकीतली | मंगळवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. भाच्याला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर, "मावशी, हे सगळं इंग्लंड-अमेरिकेचं आहे."

मग मीही जरा वाचलं. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं की कॅव्हलियर स्पॅनियलचं सध्याच्या पद्धतीने ब्रीडिंग करणं हे प्राणिकल्याणाच्या कायद्यात बसत नाही. (कवटी लहान पडून मेंदू दाटतो म्हणे, वाचून रात्री झोप लागली नाही.) नेदरलँडमध्ये नाक कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असेल तर पिल्लं काढता येत नाहीत. आपल्याकडे केंद्राचे २०१७चे नियम आहेत. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नाकाबद्दल मला त्यात काही सापडलं नाही. आणि धंद्यासाठी कुत्री आयात करणं तर केंद्राने २०१६मध्येच बंद केलं होतं, मग ही 'इम्पोर्ट लाइन' कुठल्या बोटीने आली हे विचार, असं त्याला सांगितलं.

डॉक्टर, प्रत्यक्ष बघायला गेला तर काय बघावं त्याने?


डॉ. शेपटी | रात्री ११.०५

पिल्लू बघू नये. पिल्लं सगळी गोड असतात, त्यांचा त्रास वर्ष-दीड वर्षाने उघडा पडतो. आईला बघावं. केंब्रिजच्या लोकांनी ह्या जातींसाठी चाचणी बसवली आहे. गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकायचं, तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, परत ऐकायचं. भाच्याकडे स्टेथोस्कोप नसेल, कान आहेत. आईला तीन मिनिटं चालवून दाखवा म्हणावं. आणि विचारावं, बाळंतपण कसं झालं? ब्रिटनमधल्या २०१०च्या एका पाहणीत फ्रेंच बुलडॉगच्या ८० टक्क्यांहून जास्त वेतांना सिझेरियन लागलं होतं. डोकं मोठं, कंबर अरुंद, बाहेर येणार कुठून? इथेही माझ्या टेबलावर वेगळं चित्र नाही.


खिडकीतली | पुढचा रविवार, रात्री ८.१५

भाचा गेला होता, कल्याणच्या पुढे कुठेतरी. मला कौतुक वाटलं, त्याने खरंच सांगितलं, "आईला जरा चालवून दाखवा." विकणारा म्हणाला, "आई गावाला गेली आहे."

कुत्री. गावाला.

टोकन बुडालं. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. आज फोन आला, कुठल्याशा दत्तक शिबिरात तपकिरी कानाची एक इंडी, म्हणजे आपली देशी, पिल्ली बघून आलाय. अजून ठरलं नाही म्हणतो, पण नाव ठरलंय म्हणजे ठरलंच. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे तो वेगळा धागा होईल.

लाडूचं ऑपरेशन गुरुवारी.


बंड्या_कॉटनग्रीन | रात्री ८.२२

"आई गावाला गेली आहे" ह्यावर मी लोकलमध्ये मोठ्याने हसलो, लोक बघतायत.

गुरुवारसाठी शुभेच्छा. काय झालं ते कळवा ताई.


खिडकीतली | सतरा दिवसांनी, सकाळी ९.१०

उशिरा लिहितेय. ऑपरेशन नीट झालं. पहिले चार दिवस सूज होती, गाळलेली पेज आणि बर्फाचे तुकडे. स्वल्पविरामांचे आता दोन छोटे पूर्णविराम झालेत. वजन दहा किलो चारशे होतं, डॉक्टरबाईंनी आठवर आणायला सांगितलंय, घरात बिस्किटाचा डबा नवऱ्यापासूनही लपवलाय.

परवा रात्री पहिल्यांदा तो शांत झोपला. म्हणजे अगदी गप्प. मी तीनदा उठून पोटाला हात लावून बघितलं, हलतंय ना.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरच्या काकू. "काय गं, हे गावाला गेलेत का?"